शेवटच्या बटणावरचा शब्द

१८ जानेवारी. आभाळ स्वच्छ. सकाळी झोंबरी थंडी, दहानंतर चांगलं ऊन.

तारीख आणि हवामान लिहिल्याशिवाय माझा हात चालत नाही, ही जुनी सवय. ऑफिसातले किस्से रबरबँडसारखे असतात. कुणी मुद्दाम विकत आणत नाही, पण ड्रॉवर उघडला की मूठभर निघतात! काल आमच्या जुन्या ऑफिसची मंडळी जेवायला जमली होती. घरी आलो तेव्हा डोक्यात असे मूठभर किस्से होते. ते विरायच्या आत लिहून ठेवतो.

आमचं ऑफिस स्वारगेटजवळ, सायकलच्या दुकानाच्या वर होतं. मालक अभय सर, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मी पिंपरीच्या कारखान्यात स्टोअरला होतो. आमचा विभाग बंद झाला, तेव्हा पुस्तकं आणून कॉम्प्युटर शिकलो आणि इथे टेस्टर म्हणून लागलो. टेस्टरचं काम सोपं. इतरांनी केलेला प्रोग्रॅम जितक्या प्रकारे चुकीचा वापरता येईल, तितक्या प्रकारे वापरायचा. बायको म्हणाली, “म्हणजे घरी करता तेच. फक्त आता पगार मिळणार.”

आमच्याकडे एक काम आलं. पुण्यात बाहेरगावाहून पेशंट येतात, त्यांच्या नातेवाइकांसाठी एका ट्रस्टची धर्मशाळा होती. खोली मिळवायला लोक पहाटेपासून फाटकाशी दोरीच्या रांगेत उभे राहायचे. ट्रस्टला तो अर्ज वेबवर हवा होता. एका पानावर पेशंटचं नाव, एकावर सोबत कोण, एकावर आजार, असं पानामागून पान. आधीच्या उत्तरावरून पुढचं पान ठरणार. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

* * *

हे काम करायला उज्ज्वला रामटेके आली. गाव चंद्रपूरकडचं, इथे येरवड्याला मामांकडे राहायची. नोकरी तात्पुरती. अभय सरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, “हे काम ट्रस्टनं स्वीकारलं तर तू कायम. नाही तर मला तुला ठेवणं परवडणार नाही.”

ती म्हणाली, “चालेल सर. पाठकोरे कागद आहेत का?”

तिनं कॉम्प्युटर सुरूसुद्धा केला नाही. कागदांवर एकेका पानाचं नाव लिहिलं, ते दारापासून खिडकीपर्यंत जमिनीवर मांडले, चपला काढल्या आणि त्यांच्यावरून चालायला लागली. आमचा प्रोग्रॅमर निखिल, इंग्रजी शाळेत शिकलेला, खुर्ची फिरवून बघत होता. म्हणाला, “बेसिकली, ही लंगडी खेळतेय का?”

उज्ज्वला माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही नातेवाईक. चला.”

मी चपला काढून पहिल्या कागदावर उभा राहिलो. ती विचारणार, मी उत्तर देणार, त्याप्रमाणे ती पुढचा कागद दाखवणार. पेशंट मोठा की लहान? मोठा. एक पाऊल. कुठल्या गावचे? सासवडचे. एक पाऊल. पेशंटचे तुम्ही कोण? माझ्यातला टेस्टर जागा झाला. मी म्हणालो, “कोणी नाही. पेशंट मीच. एकटाच आलोय.”

पाऊल उचललं होतं, पण खाली कागदच नव्हता! त्या उत्तरासाठी पान केलेलं नव्हतं. निखिल हसायला लागला.

“काका, पाय खाली ठेवू नका!” ती ओरडली. तिनं कोरा कागद घेतला, त्यावर ‘एकटे’ असं लिहिलं आणि गुडघ्यावर बसून तो माझ्या तरंगत्या पायाखाली सरकवला. “हं. आता ठेवा.”

मी कारखान्यात मोठमोठी यंत्रं बसवताना पाहिलेली आहेत. पण माणसाच्या पावलाखाली जमीन तयार होताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

* * *

पहिली चाचणी धर्मशाळेच्या हॉलमध्ये झाली. चार कॉम्प्युटर ओळीनं, चार खुर्च्या. समोर ट्रस्टचे सचिव दामले, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं आणि चेहऱ्यावर ‘बघू’.

प्रत्येक पानाखाली दोन बटणं होती, ‘पुढे जा’ आणि ‘मागे जा’. मराठी निखिलनं केलं होतं.

रांगेतले पहिले चौघे येऊन बसले. त्यांनी पहिलं पान भरलं. भरलं, आणि चौघंही उठून एकेक खुर्ची पुढे सरकले! चौथा जागा नाही म्हणून जिन्यात जाऊन उभा राहिला. पहिल्या खुर्चीवर रांगेतला पाचवा आला. आता सातारच्या माणसाच्या अर्जात बार्शीचा माणूस आपलं गाव लिहीत होता.

मी धावत जाऊन विचारलं, “अहो, का उठलात?”

“त्यानंच सांगितलं पुढे जा. आम्ही गेलो.”

एका आजींनी चुकून ‘मागे जा’ वाचलं होतं. त्या एक शब्द न बोलता पिशवी उचलून रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. दोन तासांनी त्यांचा नंबर आला, तेव्हा आम्हाला कळलं.

दामले उज्ज्वलाला म्हणाले, “अहो बाई, पुण्यात दारावर आलेल्या माणसाला ‘पुढे जा’ म्हणतात, ते त्याला घालवण्यासाठी. हे काम आमचा वॉचमन करतो. त्याच्यासाठी कॉम्प्युटर कशाला?”

मी आणि उज्ज्वला बसस्टॉपपर्यंत चालत आलो. मग ती एकदम थांबली. मला वाटलं, रडते आहे की काय. ती म्हणाली, “काका, किती लक्ष देऊन वाचतात हो हे लोक! आपण लिहिलेला शब्द न् शब्द पाळतात. केवढी जबाबदारी आहे!”

* * *

मग ‘पुढे जा’चं ‘पुढचं पान’ केलं, आणि ‘मागे जा’चं ‘आधीचं पान’. खुर्च्या बदलणं थांबलं. पण चाचणीची वेळ होती दुपारी साडेबाराची. धर्मशाळेत एक वाजता मोफत जेवण असायचं आणि शेजारच्या खोलीतून आमटीच्या फोडणीचा वास येत होता.

लातूरकडचे एक आजोबा स्क्रीनवर बोट ठेवून वाचत होते. त्यांनी मागे वळून विचारलं, “हे पुढचं पान म्हणजे जेवणाचं का?”

“नाही,” दामले म्हणाले, “जेवणाच्या पानावर बसलेल्याला आमच्याकडे इतके प्रश्न विचारत नाहीत.”

* * *

कोणी बराच वेळ काही लिहिलं नाही, तर अर्ज आपोआप बंद व्हायचा आणि एक वाक्य यायचं. इंग्रजी वाक्याचं मराठी पुन्हा निखिलनंच केलेलं. हॉलमध्ये एक बाई आपल्या नवऱ्याचा केसपेपर शोधत होत्या. शोधून वर पाहतात तर स्क्रीनवर मोठ्या लाल अक्षरांत:

‘आपली मुदत संपली आहे.’

बाईंनी हातातली पिशवीच टाकली!

दामल्यांनी आम्हाला आत बोलावलं. त्या दिवशी ते ‘बसा’सुद्धा म्हणाले नाहीत. “इथं येणारा माणूस हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून ऐकायला लागू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला असतो. आणि आपण ते त्याला फुकट वाचायला देता?”

निखिल ऑफिसात येऊन म्हणाला, “पण काका, भाषांतर करेक्ट होतं ना?”

“एकदम करेक्ट,” मी म्हणालो. “म्हणूनच पिशवी पडली.”

उज्ज्वलानं ते वाक्यच काढून टाकलं. नुसतं वाक्य नाही, बंद होणंही काढलं. तिचं म्हणणं असं, की माणूस पानावरून उठला तर त्याची जागा पुसायची कशाला? प्रत्येक ओळ लिहिली की लगेच जपून ठेवायची. तो कधीही परत येवो, त्याला त्याच पानावर बसवायचं.

* * *

हे जपून ठेवणं तिनं कसं तपासलं, ते सांगतो. भर दुपारी, कुणालाही न सांगता, तिनं ऑफिसचा मेन स्विच खाली ओढला!

पंखे थांबले. निखिलचं सकाळपासूनचं काम गेलं. अभय सर फोनवर गिऱ्हाइकाला काहीतरी वाचून दाखवत होते, तेही गेलं.

“उज्ज्वला!” तिघांच्या तोंडून एकदमच निघालं. तिसरा मी.

तिनं स्विच वर केला, आपला कॉम्प्युटर सुरू केला आणि मान वाकवून बघितलं. पेशंटचं नाव, गाव, आजार, अर्धवट लिहिलेला पत्ता, सगळं जागच्या जागी.

“माझं आहे,” ती म्हणाली. “तुमचं?”

त्यानंतर महिनाभर ती खुर्चीतून उठली की निखिल घाईघाईनं आपलं काम सेव्ह करायचा. ती पाणी प्यायला उठली तरी!

* * *

आता हा हसण्याचा किस्सा नाही, पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शेवटच्या पानावर सगळा अर्ज एकत्र दिसायचा आणि खाली एकच बटण: ‘समाप्त’. एक गृहस्थ तिथवर न अडखळता पोचले. साधारण माझ्याच वयाचे, नाशिककडचे, बँकेत कॅशियर. म्हणजे शिकलेले. पण तिथे येऊन ते थांबले. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले.

मी जवळ जाऊन म्हणालो, “आता फक्त ते बटण दाबा. झालंच.”

“दिसलं मला,” ते हळू आवाजात म्हणाले. “वर मिसेसचं नाव आहे. ती आयसीयूत आहे. तिच्या नावाखाली मी हे दाबणार नाही.”

उठले आणि बाहेर जाऊन दोरीच्या रांगेत उभे राहिले.

 

दुसऱ्या दिवसापासून शब्द शोधणं सुरू झालं. ‘दाखल करा’ असं करून पाहिलं. लोक म्हणाले, “दाखल कालच केलंय की हो!” ‘सादर करा’ केलं, तर एका मुलीनं विचारलं, “काय सादर करायचं? गाणं?” ‘पाठवा’ केलं. त्यावर दामल्यांनीच विचारलं, “कुठे पाठवा? धर्मशाळेतच बसलाय ना तो?”

शेवटी दामल्यांनी अभय सरांना बोलावून अट घातली. “येत्या शुक्रवारी रांगेत पहिलं जे माणूस असेल, त्याला मी खुर्चीवर बसवणार. त्यानं कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नसला तर उत्तमच. तुमच्यापैकी कुणी एक अक्षर बोलायचं नाही. ते माणूस शेवटचं बटण आपण होऊन दाबेल, तर हा अर्ज आमचा. नाही तर आमची दोरी बरी.”

सरांनी परत येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. मग उज्ज्वलाकडे न बघता म्हणाले, “पुढचं मी तुला सांगितलेलंच आहे.”

* * *

सोमवारी सकाळी उज्ज्वला मला घेऊन धर्मशाळेत गेली. कॉम्प्युटरकडे नाही. जिथे कागदी अर्ज घेतात, त्या खिडकीशेजारी आम्ही दोन स्टुलं टाकून बसलो.

“काय बघायचं?” मी विचारलं.

“बघायचं नाही काका. ऐकायचं.”

लोक येत होते, भरलेला कागद खिडकीतून आत सरकवत होते, जात होते. कोणी कोल्हापूरचे, कोणी परभणीचे, कोणी तिच्या बाजूचे. मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. जेवणाची वेळ झाली तेव्हा तिनं विचारलं, “कळलं का काका?”

“काय?”

“कागद देताना सगळे एकच शब्द बोलतात. तुम्हीसुद्धा मघाशी चहाचे पैसे देताना तोच बोललात.”

मी आठवून पाहिलं. आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. सकाळभर तो शब्द माझ्या कानावरून जात होता आणि मला तो शब्द वाटलाच नव्हता!

घ्या.

ऑफिसात निखिल म्हणाला, “बटणावर ‘घ्या’? लोक माऊस घेऊन जातील!”

“गेले तर परत आणू,” ती म्हणाली आणि टाइप केलं.

* * *

आता शेवटचा.

शुक्रवार. एप्रिलचं ऊन, सकाळपासून वारा नाही. हॉलमधले पंखे गरम हवा खाली ढकलत होते.

रांगेत पहिल्या होत्या एक कौसल्याबाई. रात्रीच्या गाडीनं आलेल्या, पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, काखेत बोचकं. मुलाला हॉस्पिटलमध्ये ठेवून खोलीसाठी आल्या होत्या. दामल्यांनी विचारलं, “लिहिता-वाचता येतं?”

“वाचता येते. लिवतो हळूहळू.”

ऐकताच उज्ज्वलानं मान वर केली. तिच्याच बाजूची बोली. पण बोलायचं नव्हतं.

दामल्यांनी त्यांना खुर्ची दिली, कीबोर्ड आणि माऊस कशाला म्हणतात एवढं दाखवलं आणि मागे येऊन उभे राहिले. आम्ही भिंतीशी. अभय सर, निखिल, मी आणि मध्ये उज्ज्वला.

बाई एकेक अक्षर शोधून दाबत होत्या. नाव झालं. ‘पुढचं पान’ वाचलं, दाबलं. उठल्या नाहीत. गाव झालं. पेशंट मोठा की लहान, इथे थांबल्या. मुलगा बावीस वर्षांचा होता. बऱ्याच वेळानं ‘मोठा’वर गेल्या. ‘सोबत कोण’ या पानावर, आपल्याबरोबर कोणी नाही म्हणून, त्यांनी ‘एकटे’ निवडलं, आणि मला माझा तरंगता पाय आठवला. बाईंसाठी पुढचं पान तयार होतं.

बाई आजाराच्या पानावर पोचल्या, अर्धी ओळ लिहिली आणि वीज गेली.

पंखे थांबले. चारही स्क्रीन काळे.

“लाईन गेली?” बाई म्हणाल्या. काळ्या काचेकडे बघत राहिल्या. मग वळल्या आणि आमच्यात नेमकं उज्ज्वलाकडे बघून म्हणाल्या, “बाई, आता पुन्हा पयलेपासून लिहा लागते का?”

उज्ज्वलानं ओठ घट्ट मिटून घेतले. तिची नजर सोडून तिचं काहीच हललं नाही.

बाईंनी थोडी वाट पाहिली. मग खाली वाकून बोचक्याला हात घातला.

“थांबा बाई. उठू नका.”

हे कोण बोललं म्हणून मी अभय सरांकडे पाहिलं, सरांनी निखिलकडे पाहिलं. बोलले होते दामले! त्यांनाही ते बोलून झाल्यावरच कळलं असावं. खिशातली दोन पेनं उगाच सरळ करत ते म्हणाले, “अट तुम्हाला होती. मला नव्हती.”

 दामल्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि दुसरीकडे बघत बाईंच्या बाजूनं वारा घालू लागले. बाई तशाच बसून राहिल्या.

वीज आली. पंखे कुरकुरत फिरायला लागले. कॉम्प्युटर सुरू व्हायला त्या काळी फार वेळ लागायचा.  

स्क्रीन उजळला. आजाराचं पान. बाईंनी लिहिलेली अर्धी ओळ जशीच्या तशी. आणि वर, निखिलच्या नव्हे, उज्ज्वलाच्या मराठीत:

‘आपण इथपर्यंत आला होतात. लिहिलेलं सगळं जपून ठेवलं आहे. सावकाश लिहा.’

बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग पदर सारखा केला आणि राहिलेली ओळ पुरी केली.

शेवटचं पान आलं. वर मुलाचं नाव, गाव, आजार, खाली त्यांचं नाव. बाईंनी प्रत्येक ओळीवरून बोट फिरवलं. बोट खाली आलं आणि बटणाशी थांबलं.

“घ्या,” त्यांनी वाचलं.

मग माऊस सोडला. उज्ज्वलानं डोळे मिटले.

बाईंनी दोन्ही हात पदराला पुसले, उजवा हात पुन्हा माऊसवर ठेवला, त्या मनगटाला डावा हात लावला, पूजेला बसलेल्याच्या हाताला लावतात तसा, आणि म्हणाल्या, “घ्या.”

आणि दाबलं.

स्क्रीनवर अक्षरं आली. बाईंनी तीही मोठ्यानं वाचली. “मिळालं. खोली क्रमांक चार. दुसरा मजला. जिना डावीकडे.”

त्या उठल्या. बोचकं काखेत घेतलं. दामल्यांकडे पाहिलं नाही, आमच्याकडे पाहिलं नाही. कॉम्प्युटरकडे वळून जराशी मान वाकवली आणि म्हणाल्या, “येतो मी.”

आणि डावीकडच्या जिन्यानं वर गेल्या.

“अहो बाई, किल्ली!” म्हणत दामले त्यांच्यामागून जिना चढले.

अर्ज पूर्ण. खोली क्रमांक चार दिली. फाटकाची दोरी दुपारी सोडली. उज्ज्वला रामटेके एक तारखेपासून कायम.